होय, हे खरे आहे

थंडी पडायला लागली की नानांचा फोन येतो. एरवी वर्षभर हा माणूस माझी आठवण काढत नाही. पण तुरीला शेंगा धरल्या, सकाळी बोलताना तोंडातनं वाफ निघायला लागली आणि टीव्हीवर नागपूरच्या अधिवेशनाच्या बातम्या फिरायला लागल्या, की फोन आलाच म्हणून समजा. "मुनशी, दुपारचं येऊन जा की बे. येताना ते बाड घेऊन ये." बाड म्हणजे मी त्यांच्याकडं कामाला होतो त्या एका वर्षात नाना विधानसभेत जे काही बोलले, त्या कागदांचा बांधलेला गठ्ठा. तो माझ्याकडं असतो. नानांच्या घरी ठेवला तर सुना त्याच्यावर पापड वाळत घालतील अशी त्यांना भीती आहे, आणि सुना पाहिल्या तर ती अगदीच चुकीची नाही.

यंदाही फोन आला. मी गेलो नाही. अंगात कणकण आहे म्हणून सांगितलं. खरं कारण वेगळं आहे, आणि ते एकदा कुठंतरी लिहून टाकावं म्हणून बसलोय.

आमच्या आष्टीकडं थंडी म्हणजे गावं रिकामी व्हायचा मोसम. दिवाळीचे आकाशकंदील उतरवायच्या आत चौकात ट्रॅक्टर लागतात. एकेका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, आणि ट्रॉलीत अख्खं घर: पत्रे, बांबू, पिठाची पोती, गोधड्यांची गाठोडी, कोंबड्यांचं खुराडं, एखादं शेळीचं पिल्लू. सगळ्याच्या वर बायामाणसं, डोक्याला फडकं बांधलेली. पुढं कर्ण्यावर गाणी इतक्या जोरात लावलेली असतात, की कुणी रडत असलं तरी ऐकू येऊ नये. ऊस तोडायला निघालेली माणसं. चैताशिवाय परत येणार नाहीत. ट्रॅक्टर गेल्यावर आठवडाभर गावात फिरून बघा. दारांना कड्या, कड्यांना कुलपं, ओट्यावर म्हातारी माणसं. पिठाची गिरणी दिवसातनं एकदाच चालते, आणि ती बंद झाली की आपल्या कानात काहीतरी वाजतंय असं वाटायला लागतं. मला तरी वाटतं. बारा वर्षं झाली, वाटतंय.

मी अर्जनवीस. तहसील कचेरीसमोर लिंबाखाली माझं टेबल आहे. आजोबा तिथंच बसून उर्दूत अर्ज लिहायचे, वडलांनी मराठीत लिहिले, मीही तेच करतो. आता शेजारी पोरांनी संगणक मांडलेत, तरी ज्याला आपलं दुखणं कुणाला तरी तोंडानं सांगायचं असतं, तो माझ्याकडंच येतो. माझ्या लिहिण्याचा मला लई गर्व. "विनंती" कुठं घालायची, "उपरोक्त विषयान्वये" कुठं, आणि साहेबाला घाम फुटावा असं वाक्य कुठं, हे मला बरोबर कळायचं. नाना आमदार झाल्यावर त्यांच्याच विरोधातला एक अर्ज मी कुणाला तरी लिहून दिला होता. तो नानांच्या हाती पडला. मला वाटलं, आता आपलं टेबल उचलतात. तर नानांनी मला घरी बोलावलं, चहा पाजला आणि म्हणाले, "मला एवढ्या शिव्या इतक्या गोड भाषेत कुणी दिल्या न्हाईत. माझ्याकडं कावून येत न्हाईस कामाला?"

अशा रीतीनं मी सभागृहाचे प्रश्न लिहायला लागलो.

नाना एकदाच निवडून आले, नंतर पडले ते पडलेच. माणूस वाईट नव्हता. शेवटच्या बाकांवर बसायचा, पुढचे उठले की उठायचा, पुढचे ओरडले की ओरडायचा. पण स्वतः बोलायची वेळ आली की घशाला कोरड. मी वर सज्जात बसून बघायचो. तिथनं त्यांचं टक्कल आणि हातातला माझा कागद एवढंच दिसायचं. कागद थरथरायचा. अर्थसंकल्पाच्या अधिवेशनात एसटी स्टँडवरच्या पाण्याबद्दल बोलायला उठले, "अध्यक्ष महोदय" म्हणाले, घसा खाकरला, पुन्हा "अध्यक्ष महोदय" म्हणाले, आणि मुद्द्याला हात घालेपर्यंत वेळ संपल्याची घंटा वाजली. पावसाळी अधिवेशनात आमच्याकडच्या एका पुलाचा विषय होता. नेमका त्याच दिवशी पुढच्या बाकांवर गोंधळ माजला, कामकाज तहकूब झालं आणि नानांचं भाषण न बोलताच संपलं. संध्याकाळी चौपाटीवर गेलो तर म्हणाले, "मुनशी, समुद्राला तरी ऐकवू का?" आणि खरंच कागद काढून चार ओळी वाचल्या त्यांनी. शेजारचा भेळवाला हसला. मला हसू आलं नाही.

बोललेलं सगळं तिथं टिपून घेतात. माणसं पाळीपाळीनं येऊन लघुलिपीत लिहितात, आणि थोड्या वेळात टाइप केलेले कागद हातात. मला त्याचं फार अप्रूप होतं. नाना म्हणायचे, "आमच्याकडं पानी न्हाई, अन् साहेब म्हणत्यात हाय." कागदावर यायचं, "आमच्याकडे पाणी नाही, आणि अधिकारी म्हणतात आहे." नानांचा घसा, घाबरणं, धोतराचा सोगा सावरणं, सगळं गळून जायचं आणि खाली उरायचं ते एका धीट, शांत आमदाराचं बोलणं. रात्रंदिवस त्यांच्यासोबत असणाऱ्या मलासुद्धा तो कागदावरचा माणूस कधी भेटला नाही.

पण त्या वर्षी आमचा मुख्य धंदा लेखी प्रश्नांचा. त्याचा साचा ठरलेला असतो. अमुक गावात अमुक झाले आहे, हे खरे आहे काय? असल्यास, याची चौकशी केली काय? दोषींवर कोणती कारवाई केली? नसल्यास, विलंबाची कारणे काय? मी एकामागून एक प्रश्न पाठवत होतो आणि उत्तरं यायची, "हे खरे नाही." त्याच्या खाली, "प्रश्न उद्भवत नाही." रस्ता खरा नाही, खड्डा खरा नाही, बंद पडलेला हातपंप खरा नाही. एकदा नानांनी उत्तर वाचलं आणि आपल्या गुडघ्याला हात लावून पाहिला. म्हणाले, "मी तरी खरा हाय का बघ बे."

म्हणून मी हट्टाला पेटलो. वर्ष संपायच्या आत सरकारकडनं एक तरी "होय" वसूल करायचाच.

दसऱ्यानंतर पिंपळदऱ्याचा बबन आला. हातात पिशवी, पिशवीत शेंगा. ऊसतोडीचा माणूस, बायकोसकट दरवर्षी जाणारा. त्याची थोरली पोरगी वैशाली पाचवीला होती. अशा पोरांसाठी सहा महिने शाळेतच जेवायची-राहायची सोय असते, हंगामी वसतिगृह म्हणतात त्याला. पिंपळदऱ्यात ते मोरे बाई चालवायच्या. बबन टेबलासमोर उकिडवा बसला, खुर्ची दिली तरी बसेना.

"बाई लई चांगल्या हायेत, मुनशी," तो म्हणाला. "पोरं सांजच्याला शाळेत जेवत्यात, अन् झोपाया गावातल्या म्हाताऱ्यांकडं जात्यात. शाळेच्या खोलीला दारच न्हाई, म्हणून. कुणी चार पोरं नेतं, कुणी पाच. आमची वैशी बी जाते. पर आता पोरगी मोठी व्हायली. खोलीला दार बसवून द्या म्हणावं नानाला, अन् पांघरुणं. बस्स, दुसरं काय न्हाई. पोरीला परीक्षेला बसवणार हायेत बाई, शिष्यवृत्तीच्या. तिला ह्या वरसी उसात न्यायची न्हाई म्हणजे न्हाई."

त्यानं हे शेवटचं वाक्य असं म्हटलं, की जणू मीच तिला न्यायला आलोय. मी म्हटलं, बघू.

आता बघा, मी काय केलं ते. दार द्या, पांघरूण द्या, हे त्या साच्यात बसवायचं कुठं? तिथं मागायला जागाच नाही. तिथं फक्त विचारायचं, खरं आहे काय, आणि दोषी कोण. आणि मला तर "होय" पाहिजे होतं. ज्याला नाही म्हणताच येणार नाही असं काहीतरी पाहिजे होतं. मी टाक उचलला आणि लिहिलं: मौजे पिंपळदरा येथील हंगामी वसतिगृहात रात्री एकही विद्यार्थी मुक्कामी नसतो, हे खरे आहे काय? असल्यास, दोषींवर कोणती कारवाई केली? लिहून झाल्यावर दोनदा वाचलं. वाक्य असं चोख उतरलं होतं, की मी स्वतःवरच खूष झालो. बाई चांगल्या आहेत, हे त्यात कुठंच नव्हतं. म्हाताऱ्या माणसांची घरं नव्हती, दार नव्हतं, आणि वैशालीही नव्हती.

बबनला वाचून दाखवलं नाही. त्यानं विचारलं, "दाराचं लिवलं ना?" मी म्हटलं, "लिहिलं, लिहिलं." तो शेंगा ठेवून गेला. चांगल्या भरल्या शेंगा होत्या, आम्ही घरी उकडून खाल्ल्या.

डिसेंबरात नागपूर. आमदार निवासाच्या खोलीत नानांनी दोन स्वेटरांवर कोट चढवलेला. सकाळी सकाळी छापील प्रश्नोत्तरांची यादी आली. मी अंथरुणातच बसून पानं उलटत होतो, आणि आमच्या प्रश्नाखाली दिसलं: "होय, हे खरे आहे."

अहो, मी ओरडलोच. नाना दाढीचा साबण तोंडावर तसाच घेऊन बाहेर आले. "काय झालं बे? कोण गेलं?" मी म्हटलं, "नाना, होय आलं, होय!" त्यांनी ओल्या हातानं माझ्या पाठीत एक दणका घातला. वर्षभरात पहिल्यांदा सरकारनं आमचं काही खरं मानलं होतं. चहा मागवला, संत्री मागवली, शेजारच्या खोलीतल्या दोन आमदारांना उठवून यादी दाखवली. ह्या गडबडीत उत्तराची खालची ओळ मी वाचली नाही. डोळ्यांसमोर होती, पण वाचली नाही.

नशीब बघा, त्या दिवशी आमचा प्रश्न पुकारलाही गेला. एरवी आमचा नंबर यायच्या आत प्रश्नोत्तराचा तास संपायचा. मी सज्जात जायच्या आधी घाईनं चिठ्ठी लिहून शिपायाकरवी नानांना पाठवली होती. "उत्तर होय आहे. मंत्र्यांचे अभिनंदन करा. जास्त बोलू नका." नाना उठले. हातातला कागद त्या दिवशी थरथरला नाही.

बाडात ते पान आहे. मला तोंडपाठ आहे, पण तरी लिहितो. "अध्यक्ष महोदय, माझ्या प्रश्नाची शासनाने तातडीने दखल घेतली, याबद्दल मी मंत्री महोदयांचे मनःपूर्वक अभिनंदन करतो. अशीच कारवाई सर्वत्र व्हावी, अशी माझी मागणी आहे." आणि त्याच्या खाली कंसात, सदस्य बाके वाजवतात.

अशीच कारवाई सर्वत्र व्हावी. हे वाक्य चिठ्ठीत नव्हतं. ते नानांचं स्वतःचं. वर्षभरात त्यांनी सभागृहात स्वतःच्या मनानं बोललेलं ते एकच वाक्य, आणि काय छान वाजलं ते.

खालची ओळ मी दुपारी वाचली, कॅन्टीनमध्ये, सावजी रश्शात भाकरी कुस्करताना. "अधिकाऱ्यांनी रात्री भेट दिली असता एकही विद्यार्थी आढळून आला नाही. सबब सदर वसतिगृह बंद करण्यात आले असून संबंधित शिक्षिकेविरुद्ध कारवाई प्रस्तावित आहे." मी घास तसाच ठेवला. नानांना वाचून दाखवली. नानांनी रश्शाची वाटी पुढं ओढली. मग म्हणाले, "आता पेपरला बातमी गेलीय, मुनशी. परत कसं घेणार?" आणि समोरची भाकरी जेवायला लागले. मी परत जाऊन बोला म्हणालो का? नाही. उद्या दुसरा मुद्दा मांडा, पोरं जेवत होती म्हणून सांगा, असं लिहून दिलं का? तेही नाही. बातमीत माझं नाव नव्हतं, पण बातमी माझी होती, आणि ती खोडायला हात होईना. हे मी उघड सांगतोय, कारण ते तसंच होतं.

पिंपळदऱ्यात काय झालं ते मला पुढं दोन वर्षांनी कळलं. कुणाच्या तरी लग्नाला नानांसोबत परळीकडं गेलो होतो, येताना धर्मापुरीला थांबलो. जुन्या देवळाच्या भिंतीवरच्या मूर्ती बघत उभा होतो, तर एक बाई शाळेच्या पोरांची रांग घेऊन आल्या. मोरे बाई. त्यांची बदली जिल्ह्याच्या ह्या टोकाला झाली होती. मी ओळख दिली, का दिली कुणास ठाऊक. बाई हसल्या. "अच्छा, तो प्रश्न तुम्ही लिहिला होता का? छान मराठी आहे हो तुमचं. मी सातवीच्या पोरांना वाचून दाखवला होता, वाक्य कसं बांधावं म्हणून." त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. पोरांना बसवून त्यांनी शांतपणे सांगितलं. आदेश आला त्या दिवशी कणीक मळून ठेवलेली होती. तेवढ्या कणकेच्या पोळ्या केल्या, पोरांना वाढल्या आणि उद्यापासून नाही म्हणून सांगितलं. एक पोरगं म्हणालं, मग परवापासून का? आठ दिवसांत एकेक आईबाप येऊन पोरं घेऊन गेले. म्हाताऱ्या माणसांनी झोपायला जागा दिली असती, पण दोन वेळचं खायला कुठनं देणार? वैशाली शेवटी गेली. बाईंनी तिला परीक्षेपर्यंत स्वतःच्या घरी ठेवायचं ठरवलं होतं, पण त्यांनाच निलंबनाचा कागद आला आणि गाव सोडावं लागलं. बबन उसाच्या गाडीवर बसून आला आणि पोरगी घेऊन गेला. "जाताना तिनं परीक्षेचा अर्ज माझ्याकडं दिला," बाई म्हणाल्या. "नीट ठेवा म्हणाली, मी येते." देवळाबाहेर पोरांचा गलका चालला होता. बाई उठल्या, त्यांना रांगेत लावलं आणि गेल्या.

पण हे सगळं एक वेळ बाजूला ठेवू. प्रश्न चुकला, ओळ वाचली नाही, माणसाकडनं होतं. मला जे सोडत नाही ते ह्याच्या आधीचं आहे.

त्याच हंगामानंतर, चैतात, बबन माझ्या टेबलाशी आला. ह्या खेपेला पिशवी नव्हती. उन्हानं काळा पडलेला. उकिडवा बसला आणि म्हणाला, "मुनशी, म्या तवा काय चुकीचं बोललो का?"

सांगायचं होतं तेव्हा. "बबनराव, तुम्ही बरोबर बोललात, मी चुकीचं लिहिलं." एवढंच. मी रोज शेकडो ओळी लिहिणारा माणूस, एक ओळ बोलायची होती. माझ्या तोंडातनं काय निघालं? "तुम्ही तक्रार करायला नको होती, बबनराव. सरकारी काम असं असतं."

त्यानं मान हलवली. पटलं त्याला. गरीब माणसाला स्वतःची चूक लवकर पटते. मग जमिनीकडं बघत म्हणाला, "पोरगी बोलत न्हाई माझ्याशी. म्हन्ती, तुझ्या तोंडानं माझी शाळा गेली. म्या म्हणलं, म्या दार मागाया गेलतो गं. तर म्हन्ती, गेलतास कावून?" मग गुडघ्यांवर हात टेकले. "तुमी पण तेच म्हनताव म्हणल्यावर, खरं आसंल." आणि उठून गेला.

त्या आठवड्यात मी नानांचं काम सोडलं. तब्येतीचं कारण सांगितलं. लोकांना वाटलं, मुनशी मानी माणूस. मानी कुठला. मला फक्त त्या साच्यात पुन्हा काही लिहायची भीती बसली होती. परत लिंबाखाली येऊन बसलो. वैशालीचं पंधराव्या वर्षी लग्न झालं, हेही मी तिथंच ऐकलं. एकदा लांबनं बापलेक दिसले होते, चौकात, ट्रॉलीची वाट बघत. दोघांच्या मध्ये एक गाठोडं. तिचं तोंड रस्त्याकडं, त्याचं तिच्याकडं. मी टेबलावरचे कागद उगाच सारखे करत बसलो.

आणि दर थंडीत नानांचा फोन. बाड घेऊन जायचं, अंगणात उन्हात बसायचं, आणि वर्षभराची भाषणं मोठ्यानं वाचायची. नानांना आता कमी ऐकू येतं, म्हणून ओरडून वाचावं लागतं. पाण्याचं वाचलं, रस्त्याचं वाचलं की म्हणतात, "आता ते होयचं वाच." मी वाचतो. "अशीच कारवाई सर्वत्र व्हावी" म्हणेपर्यंत गल्लीतली माणसं थांबून ऐकतात. नाना डोळे मिटून खुर्चीच्या हातावर तळवा आपटतात, हळूहळू, सभागृहात बाक वाजवतात तसा. एकदा मी विचारलं, "नाना, तुम्हाला त्या पोरांचं काही वाटत नाही का हो?" त्यांनी डोळे उघडले नाहीत. म्हणाले, "वाटतंय की. म्हणून तर तुला मोठ्यानं वाचायला लावतो." मला त्यातलं काही कळलं नाही. कळून घ्यायचं धाडसही झालं नाही.

यंदा दिवाळी होऊन चार दिवस झाले होते. चौकात ट्रॅक्टर लागलेले, कर्णे चालू. सकाळी दहाच्या सुमाराला एक बाई टेबलाशी आली, कडेला सहा-सात वर्षांची मुलगी. डोक्याला फडकं, हाताला उसाच्या पात्यांचे जुने वळ. म्हणाली, "अर्ज लिवायचाय. पोरीला शाळंत ठिवायची हाय, चुलतीपाशी. जेवनाचं तेवढं बघा म्हणावं." मी कागद घेतला, नाव विचारलं. तिनं सासरचं सांगितलं. गाव विचारलं. सासरचं सांगून म्हणाली, "माहेर पिंपळदरा."

मी वर बघितलं. डोळे बापाचे होते.

अर्ज लिहिला. जे म्हणाली ते आणि तेवढंच लिहिलं, तिच्याच शब्दांत. आयुष्यात पहिल्यांदा. वाचून दाखवायला लागलो तर हात पुढं केला. "येतं मला वाचाया." बोट ठेवून ओळ न् ओळ वाचली, खाली सही केली. अक्षर पाचवीतल्या पोरीचं होतं, गोल, सुबक, जिथं थांबलं तिथंच राहिलेलं.

आणि मी सांगून टाकलं. पुढचा-मागचा विचार न करता, कुणी मागनं ढकलल्यासारखं. "वैशाली, तुझ्या वडलांनी तक्रार केली नव्हती. त्यांनी दार मागितलं होतं, पांघरूण मागितलं होतं. बाई चांगल्या आहेत म्हणाले होते. ते मी लिहिलं नाही. वसतिगृह बंद झालं ते माझ्या लिहिण्यानं. आणि त्यांनी विचारलं तेव्हा मी त्यांच्यावरच ढकललं. त्यांची काही चूक नव्हती, बाई."

मला वाटलं होतं, शिव्या देईल. मी त्याला तयार होतो. खरं सांगायचं तर मला त्या हव्याच होत्या.

ती कागदाची घडी घालत होती. घडी घालून झाली, तरी बोटं त्याच्यावरनं फिरत राहिली. मग म्हणाली, "बाबाला जाऊन दोन वरसं झाली."

मला माहीत नव्हतं. देवाशपथ माहीत नव्हतं.

"माजलगावच्या अंगाला होतो आमी, एकाच टोळीत," ती म्हणाली. आवाज चढला नाही. "म्या तोडायची, त्यो मोळ्या बांधायचा. पानी मागायचा, तर म्या हिच्या हातनं धाडायची. त्याच्याशी बोलले न्हाई. शेवटच्या दिवशी बी पानी मागितलं त्यानं. हिच्याच हातनं धाडलं." पोरीनं आपला विषय निघाला म्हणून आईकडं बघितलं.

चौकातनं मुकादमानं हाक मारली. ट्रॅक्टर सुरू झाले होते.

"आता हे मला कावून सांगितलं?" तिनं विचारलं. खरंच विचारत होती. उत्तराची वाट बघत उभी राहिली. माझं ओझं उतरावं म्हणून सांगितलं, हे तिला कोणत्या तोंडानं सांगणार होतो? मी ते उतरवलं होतं, आणि तिच्या डोक्यावर ठेवलं होतं.

तिनं पोरीचं बोट धरलं, दोन पावलं गेली आणि वळली.

"तुमी तवापासनं हितंच बसताव ना? ह्याच झाडाखाली?"

मी हो म्हणालो.

"बाबा दर बाजारी तुमच्या म्होरनंच जायचा," ती म्हणाली, आणि गेली.